लाकूडफोड

लाकूडफोड म्हणजे तोडलेल्या झाडाच्या खोडाचे अथवा जाड फांद्यांचे ओंडके तंतूंच्या दिशेने फोडून त्यांचे जळणास योग्य असे तुकडे करण्याचे काम होय. हे काम कुऱ्हाड, पाचर, घण आणि पहार यांसारख्या हाती चालणाऱ्या साधनांनी केले जाते. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल परिसरात, विशेषतः कर्नाळा, माथेरान व प्रबळगडाच्या डोंगरांलगतच्या वाड्यांमध्ये, चुलीसाठी आणि पाणी तापवण्याच्या बंबासाठी लागणारे सरपण अद्यापही अनेक घरी अशाच रीतीने तयार होते. या कामाचा संबंध लाकडाच्या रचनेशी आणि अवजारांच्या घडणीशी जसा आहे, तसाच तो कोकणातील पावसाळा, वनांवरील हक्क आणि कातकरी व ठाकूर समाजांच्या उपजीविकेशीही आहे.

संज्ञा

जळाऊ लाकडाला मराठीत सरपण, जळण, लाकूडफाटा असे शब्द आहेत. कोकणात ‘फाटी’ हा शब्दही रूढ आहे. तोडणे, फोडणे आणि चिरणे या तीन क्रिया बोलण्यात पुष्कळदा एकच मानल्या जात असल्या तरी कामाच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. तोडणे म्हणजे तंतूंना आडवे छेदणे. फोडणे म्हणजे आघात करून तंतू एकमेकांपासून उभे अलग करणे. चिरणे म्हणजे करवतीने लाकडाचे उभे भाग पाडणे. तोडताना प्रत्येक तंतू कापावा लागतो, फोडताना मात्र तंतूंना जोडणारा बंध तेवढा तुटावा लागतो. त्यामुळे एकाच ओंडक्याला आडवे तोडण्यास जेवढे श्रम पडतात, त्याहून पुष्कळ कमी श्रमांत तो उभा फुटतो. फोडलेल्या मोठ्या भागाला फाक, तर कुऱ्हाडीच्या घावाने उडालेल्या पातळ तुकड्याला ढलपी किंवा झिलपी म्हणतात.

लाकडाची रचना आणि फुटण्याची क्रिया

लाकूड हे मुख्यतः खोडाच्या लांबीला समांतर असलेल्या लांबट पेशींचे बनलेले असते. या पेशींच्या भित्तिका सेल्युलोजच्या असून लिग्निन हे द्रव्य त्यांना एकत्र बांधून ठेवते. याशिवाय खोडाच्या केंद्राकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे असतात. त्यांना काष्ठकिरण म्हणतात. बहुतेक लाकडे केंद्रातून जाणाऱ्या रेषेवर, म्हणजे या किरणांच्या दिशेने, सर्वांत सहज फुटतात.

लाकूड वाळताना सर्व दिशांना सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन केंद्राच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते, तर लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. म्हणूनच वाळत ठेवलेल्या ओंडक्याच्या तोंडावर केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या भेगा पडतात. अनुभवी लाकूडफोड्या पहिला घाव याच भेगेवर घालतो, कारण ओंडका कोठे फुटू पाहतो हे त्या भेगेने आधीच दाखवलेले असते.

फांदी जेथून निघते तेथे गाठ असते. गाठीभोवती तंतू वळलेले असल्याने तेथे कुऱ्हाड अडकते. चिंचेसारख्या झाडांत तंतू एकमेकांत गुंतलेले असतात; त्यामुळे असे लाकूड सरळ न फुटता चिवटपणे दोऱ्यादोऱ्यांनी सुटते. अशा ओंडक्याच्या मध्यावर घाव न घालता कडेकडेने फाका काढत जाणे सोयीचे ठरते.

कुऱ्हाड आणि पाचर ही दोन्ही साधने एकाच तत्त्वावर चालतात. पाचरीवर वरून दिलेला जोर तिच्या दोन्ही बाजूंना लंब दिशेने वळतो आणि लाकडाच्या भेगेच्या दोन भिंती दूर ढकलल्या जातात. पाचर जितकी लांब व निमुळती, तितके यांत्रिक बल अधिक, परंतु भेग रुंदावण्यासाठी ती तितकीच खोल ठोकावी लागते. कुऱ्हाडीच्या घावातील ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पात्याचे वजन दुप्पट केल्यास ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केल्यास मात्र ती चौपट होते. म्हणून फार जड कुऱ्हाड हळू चालवण्यापेक्षा पेलेल अशी कुऱ्हाड वेगाने उतरवणे अधिक परिणामकारक असते.

पनवेल परिसरातील जळाऊ लाकूड

पनवेलच्या डोंगराळ भागातील वने प्रामुख्याने पानझडी आहेत. ऐन, किंजळ, धावडा, खैर, साग, हेद, कुंभा आणि जांभूळ ही तेथे आढळणारी झाडे होत. धावडा, खैर व बाभूळ यांचे लाकूड जड असून ते सावकाश जळते आणि त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो. भाकरी भाजण्यासाठी व संथ शिजवण्यासाठी ते चांगले मानले जाते. सावर व पांगारा यांचे लाकूड हलके असल्याने भुरकन जळून जाते. बिब्ब्याचे लाकूड जाळणे टाळले जाते, कारण त्याच्या चिकाने त्वचेवर फोड येतात आणि त्याचा धूरही अपायकारक असतो. वड, पिंपळ व उंबर ही झाडे पूज्य मानली गेल्याने चुलीत घालण्याची प्रथा सामान्यतः नाही.

गावालगत आंबा, चिंच, करंज यांच्या वाळलेल्या अथवा वादळात पडलेल्या फांद्या जळणासाठी वापरल्या जातात. बांधावर लावलेले गिरिपुष्प, ज्यास कोकणात उंदीरमारी असेही म्हणतात, छाटल्यावर पुन्हा जोमाने फुटते. त्यामुळे जंगलावरील भार कमी करणारे जळण म्हणून त्याचा उपयोग होतो. समुद्रालगतच्या भागात सुरूचे लाकूड, तसेच नारळाच्या झावळ्या, सोडणे व करवंट्या वापरतात. पनवेल खाडीच्या काठची तिवरे पूर्वी जळणासाठी तोडली जात. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी दिलेल्या आदेशानंतर महाराष्ट्रात तिवरांच्या तोडीवर बंदी आली.

लाकूडकामाची या परिसराला जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात पनवेल हे बोरघाटाच्या वाटेवरील गजबजलेले बंदर होते आणि बैलगाडीच्या चाकांसाठी त्याची ख्याती होती. घाटावरील गाड्यांना पनवेलची चाके बसवली जात.

साधने

कुऱ्हाड : तोडण्याची आणि फोडण्याची कुऱ्हाड यांत फरक असतो. तोडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते पातळ व धार तीक्ष्ण असते. फोडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते मागे जाड होत गेलेले असते. ते लाकडात रुतून न बसता फाका बाजूला सारते. तिची धार फार तीक्ष्ण असण्याची आवश्यकता नसते. गावोगावचे लोहार कुऱ्हाडीची पाती घडवतात व बोथट झालेली पाती शेवटून देतात. दांडा पात्याच्या नेढ्यात बसवतात. दांड्यासाठी धामणीचे लाकूड उत्तम समजले जाते. ते मजबूत असून लवचीकही असते, त्यामुळे घावाचा हादरा हाताला कमी बसतो. दांड्यातील तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावे लागतात. मध्येच बाहेर निघालेल्या तंतूंच्या जागी दांडा मोडतो.

पाचर व घण : कुऱ्हाडीने न फुटणाऱ्या जाड ओंडक्यासाठी लोखंडी पाचर व घण वापरतात. एक पाचर रुतली की तिने पाडलेल्या भेगेत पुढे दुसरी ठोकतात. त्यामुळे पहिली सैल होऊन हाती येते. म्हणून पाचरी किमान दोन असाव्या लागतात. लोखंडी पाचर नसल्यास खैर किंवा बाभळीसारख्या कठीण, वाळलेल्या लाकडाची पाचर घरीच तासून करता येते. लाकडी पाचर लोखंडी घणाने ठोकल्यास तिचे डोके चेचते, म्हणून ती लाकडी मोगराने ठोकतात. जाड फांदीचा गाठाळ तुकडा व त्याला बसवलेला दांडा एवढ्यावर असा मोगर तयार होतो. लाकूड फोडण्यास नको असलेली गाठ येथे गुणाची ठरते, कारण गाठाळ मोगर लवकर फुटत नाही.

कोयता : बारीक फांद्या तोडण्यासाठी व फाटी साफ करण्यासाठी कोयता वापरतात. रानात जाताना तो कमरेमागे बांधलेल्या लाकडी आकडीत अडकवतात, म्हणजे चढण चढताना दोन्ही हात मोकळे राहतात.

ओंडके हाताळण्याची घरगुती साधने

लाकूडफोडीत प्रत्यक्ष घाव घालण्यापेक्षा ओंडका उचलणे, वळवणे व स्थिर ठेवणे यांतच अधिक श्रम जातात. एक घनमीटर ओल्या, जड लाकडाचे वजन सुमारे एक टन भरू शकते. त्यामुळे ओंडका उचलण्याऐवजी तो सरकवणे किंवा लोटणे या तत्त्वावर बहुतेक घरगुती साधने बेतलेली असतात.

तरफ : लोखंडी पहार किंवा मजबूत वासा ओंडक्याखाली सारून त्याच्या जवळच दगडाचा टेकू देतात. टेकूपासून ओंडक्यापर्यंतचे अंतर एक वीत आणि हातापर्यंतचे अंतर सहा विती असल्यास लावलेला जोर सहापट होतो.

रूळ : सारख्या जाडीचे तीन-चार गोल वासे ओंडक्याखाली आडवे ठेवून त्यावरून तो ढकलतात. मागचा मोकळा झालेला वासा उचलून पुढे ठेवला जातो.

दोर : उतारावरील ओंडका चढवायचा असल्यास दोराचे एक टोक वर खुंटाला बांधून, दोर ओंडक्याखालून घेऊन दुसरे टोक वरून ओढतात. ओंडका स्वतःच फिरत्या कप्पीसारखा वर येतो आणि निम्म्या जोरात काम होते. दोघांनी वाहायचा ओंडका दोराच्या फासात अडकवून आडव्या वाशाला टांगतात व वासा दोघांच्या खांद्यांवर घेतात.

घोडी : दोन लाकडे फुलीच्या आकारात बांधून अशा दोन फुल्या आडव्या दांड्यांनी जोडल्या की घोडी तयार होते. फुलीच्या वरच्या बेचक्यात ठेवलेला ओंडका न लोळता करवतीने कापता येतो. कापायचा भाग घोडीच्या बाहेर राहील असा ठेवल्यास करवत चिमटली जात नाही.

ठोकळा व टायर : फोडायचा तुकडा ज्यावर उभा करतात तो ठोकळा गुडघ्याहून कमी उंचीचा, रुंद आणि शक्यतो गाठाळ लाकडाचा असतो. ठोकळ्यामुळे घाव जमिनीपर्यंत जात नाही आणि दगडावर आपटून धार जात नाही. ठोकळ्यावर गाडीचा जुना टायर खिळ्यांनी बसवून त्यात तुकडे उभे केल्यास फुटलेल्या फाका इतस्ततः उडत नाहीत आणि प्रत्येक घावानंतर वाकून त्या पुन्हा उभ्या कराव्या लागत नाहीत.

जगाच्या इतर भागांतही अशी साधने कामाच्या गरजेतूनच निर्माण झाली. ओंडके लोळवण्यासाठी दांड्याला हलणारा आकडा बसवलेले ‘पीव्ही’ हे साधन अमेरिकेच्या मेन राज्यातील जोसेफ पीव्ही या लोहाराने १८५८ च्या सुमारास तयार केले.

फोडण्याची पद्धत

खोडाचे प्रथम चुलीच्या मापाचे, साधारणतः हातभर लांबीचे, आडवे तुकडे करतात. बहुतेक जातींचे लाकूड ओलसर असताना वा अर्धवट वाळल्यावर फोडणे सोपे जाते. पूर्ण वाळलेले कठीण लाकूड घाव परतवते. तुकडा ठोकळ्याच्या पुढच्या कडेला न ठेवता मागच्या, म्हणजे दूरच्या कडेकडे उभा करतात. त्यामुळे घाव चुकून अलीकडे पडला तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतते, पायावर येत नाही.

फोडणारा पाय फाकवून उभा राहतो. कुऱ्हाड वर नेताना एक हात पात्याजवळ असतो व खाली आणताना तो दांड्यावरून सरकत दुसऱ्या हाताजवळ येतो. घाव पडण्याच्या क्षणी गुडघे किंचित वाकवल्यास पाते सरळ खाली उतरते. लहान तुकडा केंद्रातून दुभागतात. मोठा तुकडा मात्र आधी कडेने फोडत आत जातात, कारण कडेच्या फाकेला मोकळी बाजू मिळाल्याने ती लवकर सुटते. कुऱ्हाड रुतून बसल्यास दांडा आडवा हिसकत नाहीत. दांड्याचे टोक खालीवर हलवून पाते सैल करतात.

वाळवण, साठवण आणि आगोट

ताज्या तोडलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण मोठे असते. ते जाळल्यास उष्णतेचा बराच भाग पाण्याची वाफ होण्यात खर्ची पडतो, धूर वाढतो आणि ज्योत मंदावते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एक किलोपासून सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. उघड्यावर वाळलेल्या लाकडापासून ती याहून कमी आणि ओल्या लाकडापासून पुष्कळच कमी मिळते. साल ही पाण्याला अडवणारी असल्याने न फोडलेला ओंडका मुख्यतः दोन तोंडांतूनच वाळतो. फोडल्यावर आतील पृष्ठभाग उघडा पडतो आणि वाळण्याचा वेग वाढतो. लाकूड फोडण्याचे हेच मुख्य प्रयोजन आहे. चुलीच्या तोंडात मावणे हे त्यानंतरचे.

कोकणात पावसाळा सुरू होण्यापूर्वी करायच्या बेगमीला आगोट म्हणतात. पनवेल परिसरात जून ते सप्टेंबर या काळात लाकूड वाळणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे डाळ, मीठ, मसाला आणि सुकी मासळी यांच्याबरोबरच चार महिन्यांचे सरपण मे महिन्याअखेर घरात येणे आवश्यक असते. हिवाळ्यात तोडलेले व फोडलेले लाकूड उन्हाळाभर वाळवून पडवीत किंवा माळ्यावर रचतात. थप्पीखाली दगड वा आडवे वासे घालून ती जमिनीपासून उचललेली ठेवतात आणि फाकांमध्ये हवा खेळती राहील अशा बेताने रचतात. आगोटीचे सरपण कमी पडलेल्या घरात श्रावणापर्यंत ओली फाटी फुंकत बसण्याची वेळ येते आणि त्याचा त्रास प्रामुख्याने स्त्रियांना सोसावा लागतो.

समाज आणि उपजीविका

रायगड जिल्ह्यातील कातकरी समाजाचे नाव काताशी जोडले जाते. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या काढून त्या पाण्यात उकळून कात तयार करणे हा या समाजाचा पारंपरिक व्यवसाय होता. वनांवरील निर्बंध वाढल्यावर तो लोप पावत गेला आणि अनेक कुटुंबे मोळीविक्री, शेतमजुरी, वीटभट्टी व कोळसाभट्टी यांकडे वळली. शासनाने कातकऱ्यांचा समावेश विशेष दुर्बल आदिवासी गटांत केला आहे.

मोळी वाहण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. साधारणतः २० ते ३० किलो वजनाची मोळी वेलींनी किंवा दोरीने दोन ठिकाणी आवळतात. डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून त्यावर ती तोलली जाते. पहाटे डोंगर चढून सुकी लाकडे गोळा करणे, मोळी बांधणे, ती बाजारगावी नेऊन विकणे यांत संपूर्ण दिवस जातो.

कोळसाभट्टीसाठी लाकूड तोडून व फोडून रचतात, त्यावर पाला व माती लिंपून ते अपुऱ्या हवेत अनेक दिवस धुमसत ठेवतात. दिवाळीनंतर भट्टीवर जाण्यासाठी पावसाळ्यातच उचल घेण्याची पद्धत असल्याने अनेक कुटुंबे कर्जात अडकत. उचल फेडण्यासाठी सक्तीने काम करावे लागणे हा प्रकार १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरला आहे.

वनहक्क आणि चिरनेरचा जंगल सत्याग्रह

ब्रिटिश सरकारने १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने वनांचे मोठे क्षेत्र राखीव केले. त्यामुळे सरपण, गवत आणि भाताच्या रोपवाटिकेसाठी जाळावयाचा राब यांसाठी फांद्या तोडणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार गुन्हा ठरू लागला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत महाराष्ट्रात या कायद्यांविरुद्ध जंगल सत्याग्रह झाले. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला.

पनवेलशेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी आगरी, कोळी, कातकरी व इतर समाजांतील ग्रामस्थ कोयते व कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या माळालगतच्या जंगलात गेले. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी यांचा समावेश होता. घरातील रोजचे अवजार या प्रसंगी हक्काच्या मागणीचे चिन्ह झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरील वृक्षतोडीसाठी १९६४ चा आणि नागरी क्षेत्रासाठी १९७५ चा कायदा लागू झाला. त्यानुसार स्वतःच्या जागेतील झाड तोडण्यासही अनेकदा परवानगी घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. कर्नाळा येथे १९६८ पासून पक्षी अभयारण्य असून अभयारण्यातील लाकूडतोडीला मनाई आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र वनात राहणाऱ्या समाजांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. या उपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड व खुंट यांचाही समावेश आहे.

सुरक्षितता

पाते सैल झालेली कुऱ्हाड हा सर्वांत मोठा धोका असतो. सैल दांडा पाण्यात भिजवल्यास फुगून तात्पुरता घट्ट होतो, परंतु वाळल्यावर अधिकच सैल पडतो. म्हणून दांड्याच्या डोक्यात पाचर ठोकून तो पक्का करणे हाच योग्य उपाय होय. घणाच्या घावांनी लोखंडी पाचरीचे डोके फुलते व त्याच्या कडांचे तुकडे गोळीसारखे उडतात. फुललेल्या कडा वेळोवेळी घासून काढणे आणि डोळ्यांवर चष्मा लावणे इष्ट असते. फोडणाऱ्याच्या समोर व मागे कोणी उभे राहू नये, तसेच अनवाणी पायांनी हे काम करू नये.

कोकणात लाकडांच्या राशीत विंचू, फुरसे, घोणस व मण्यार आश्रय घेतात. त्यामुळे राशीतील लाकूड आधी काठीने हलवून मगच उचलले जाते. रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते, हे आपल्या संशोधनातून दाखवून दिले. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास दवाखान्यात नेणे आवश्यक असते.

बदलती परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४९ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी सरपण वापरत होती. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे गॅसजोडण्या वाढल्या. तथापि सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च परवडत नसल्याने अनेक घरी गॅस आणि चूल दोन्ही वापरात असतात. चहा व तातडीचा स्वयंपाक गॅसवर, तर अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवर अशी विभागणी सर्रास दिसते. चुलीच्या धुरातील सूक्ष्म कणांमुळे श्वसनाचे व हृदयाचे विकार संभवतात. सुके, बारीक फोडलेले लाकूड, धुराड्याची चूल आणि हवेशीर स्वयंपाकघर यांनी हा धोका कमी होतो, परंतु नाहीसा होत नाही.

भाषा आणि लोकसाहित्य

पाचर मारणे म्हणजे कामात अडथळा आणणे, कुऱ्हाड कोसळणे म्हणजे मोठे संकट ओढवणे, हे वाक्प्रचार या कामातून आले आहेत. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपल्याच माणसांच्या नाशास कारणीभूत होणाऱ्याविषयी वापरतात. लाकडाचाच दांडा लाकडाचा घात करतो, हा तिचा आधार आहे. प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट मूळची इसापनीतीतील असून ती मराठी मुलांच्या परिचयाची आहे. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात सुतारांनी अर्धवट चिरलेल्या लाकडात ठोकून ठेवलेली खैराची पाचर एक वानर उपटतो आणि मिटणाऱ्या भेगेत सापडून प्राणास मुकतो. नसत्या उठाठेवीचा परिणाम सांगणारी ही कथा लाकूडफोडीतील एक खरा धोकाही नेमकेपणाने दाखवते. पाचरीने ताणून धरलेले तंतू ती निघताच पूर्ववत होऊ पाहतात, म्हणून उघड्या भेगेत हात घालू नये, ही दक्षता आजही पाळली जाते.